चौथं नाव

२१ ऑगस्ट, गुरुवार

श्री. पोचले एकदाची. जेद्दाच्या विमानतळावर हे कठड्याशी उभे होते, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात थंड पाण्याची बाटली. अकरा वर्षं हा माणूस मला वर्षातून तीस दिवस मिळाला. रडू येऊ नये म्हणून मी आधी बॅगा मोजायला लागले. हे म्हणाले, बॅगा कुठे पळत नाहीत, मंजिरी, माझ्याकडे बघ.

दीड तास गाडीने वर आलो. किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी म्हणतात, पण शहर म्हणण्याइतकी माणसं काही दिसली नाहीत. रस्ते मात्र धुतल्यासारखे. हे बंदरात क्रेनच्या दुरुस्तीला. इतकी वर्षं कँपात सहाजणांत राहिले, आता बढती मिळाली, माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, झाला आणि हे घर मिळालं. तळमजला, दोन खोल्या, पुढे हातभर अंगण आणि लोखंडी फाटक. फाटकातून समुद्राची निळी पट्टी दिसते.

देव स्वयंपाकघरातल्या कपाटात मांडले. दार लावलं की कोणाला कळायचं नाही. दिवा लावताना दार उघडं ठेवते, धुराने फळी काळी होऊ नये म्हणून. ह्यांनी डाळभात तीनदा वाढून घेतला. देवाने सगळं दिलं, अजून काय मागू.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपती कागदाच्या चित्रावर झाला. मोदक एकवीसच केले, नारळ इथे जपून वापरावा लागतो. पाच मोदक शेजारच्या सानियाला दिले. ती दापोलीची, नवरा बंदरातच. मला बाजारात नेते आणि मी प्रत्येक भाजीचा भाव विचारते म्हणून हसते. म्हणते, भाभी, इथे घासाघीस केलीस तर दुकानदारच खलास होईल.

गुहागरहून अनुवन्संचा फोन आला. माझी थोरली नणंद, अनुराधा. देवीच्या देवळाचा जीर्णोद्धार आहे, प्रत्येक घराण्याने वंशावळ द्यायची आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जुने कागद निघालेत. त्यांचे फोटो त्या पाठवणार आणि मी ते वाचून वहीत उतरवायचे. म्हणाल्या, तुला तिथे काम काय, एसीत बसून पूर्वज मोज. हे म्हणाले, मॅट्रिकचा अखेर उपयोग झाला.

७ सप्टेंबर, रविवार

आजपासून पितृपक्ष. योगायोग असा की आजच कागद नीट लागला.

बोटीवरच्या माणसाचा दाखला आहे. पत्र्याच्या नळीत घालून ठेवायचे म्हणून आमच्याकडे त्याला नळीच म्हणत. ह्यांचे खापरपणजोबा धोंडीराम. वय चोवीस, काम आगवाला, म्हणजे बोटीच्या पोटात भट्टीत कोळसा लोटणारा. यात्रेकरूंची आगबोट, मुंबई ते जेद्दा. पाच खेपांचे शिक्के आहेत. शेवटचा एप्रिल १८९४ चा, निघाल्याचा. उतरल्याचा नाही.

वन्सं म्हणाल्या, बोट कुठेतरी खडकावर बसली, ते बुडाले, एवढंच लहानपणापासून ऐकलंय. मागे बायको सखूबाई आणि पाळण्यात एक मुलगा, राघो. राघो म्हणजे ह्यांचे पणजोबा. तो मुलगा नसता तर हे नसते.

नकाशा काढून पाहिला. मुंबईहून जेद्दाला येणारी बोट वाट चुकली तर ह्याच किनाऱ्याला लागायची. मी भांडी घासताना जो समुद्र बघते, तोच. कोणी त्यांच्या नावाने कधी पाणी सोडलं असेल का?

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. ह्यांची दुपारची पाळी होती, म्हणून सकाळीच उरकलं. किनाऱ्यावर लोक नव्हते. गुरुजी फोनवर सांगत होते, हे ओंजळीतून तीळपाणी सोडत होते. वडील, आजोबा, पणजोबा. तीन पिढ्या झाल्या, तिथे तर्पण संपतं.

मी आधीच ठरवलं होतं. ह्यांच्या हातात चिठ्ठी दिली, त्यावर चौथं नाव. गुरुजींनी विचारलं, त्यांची तिथी ठाऊक आहे का, क्रिया झाली होती का, चौकशी केल्याशिवाय असं बोलावू नये. मी म्हटलं, झाली असती तर घरात कोणी सांगितलं असतं. हे पुटपुटले, बायकोपुढे गुरुजींचंही चालत नाही, आणि नाव घेतलं. मी वर आणखी मनापासून म्हटलं, धोंडीरामबाबा, आम्ही तुमचीच माणसं, इथे जवळच राहतो, घरी या.

वारा नव्हता, तरी पाणी ह्यांच्या गुडघ्यापर्यंत चढून आलं. विजार भिजली म्हणून हे वैतागले. मला मात्र भरून आलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

तीन दिवस दुपारी दोनच्या सुमाराला फाटकाशी एक माणूस उभा असतो. त्या वेळी ऊन असं असतं की मांजरसुद्धा बाहेर नसतं. आपल्याकडे पाठ करून उभा. मला वाटलं मजूर असेल. काल पाण्याचा तांब्या फाटकावर ठेवला. परत आणला तर पाणी तेवढंच, पण तांब्याला काळी बोटं. कोळशाची. राखेने घासला तरी निघेनात.

आज त्याने विचारलं, आत येऊ का. मराठीत, आमच्या गुहागरच्या मराठीत. मी म्हटलं, घरात बाप्यामाणूस नाही, संध्याकाळी या. तो म्हणाला, तेव्हाही असंच बाहेर ठेवलं होतं.

मान वळवली नाही. पण खांदा एका बाजूला उतरता, हे उभे राहतात तसाच. अंगावरून पाणी गळत होतं. ह्या उन्हात.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, कोकणातला कोणीतरी असेल, इथे काय कमी आहेत.

२८ सप्टेंबर, रविवार

देवळाच्या जुन्या वहीचं पान आलं, मोडीतलं, एका मास्तरांनी लावून दिलेलं.

धोंडीरामबाबांची क्रिया झाली होती. १८९६, माघ महिना. माणूस बेपत्ता झाला की बारा वर्षं वाट बघतात. घरच्यांनी दोन वर्षंसुद्धा पुरती काढली नाहीत. धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं, आणि थोरला जिवंत की मेलेला हे ठरल्याशिवाय मुलीकडचे पुढे येईनात. म्हणून पळसाच्या तीनशेसाठ पानांचा आणि दर्भाचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ, आणि तो माणूस समजून जाळला. सखूबाईच्या बांगड्या त्याच दिवशी फोडल्या. ती बावीस वर्षांची होती. पुढच्या महिन्यात धाकट्याचं लग्न.

म्हणजे क्रिया झालेल्या माणसाला मी घरी बोलावलं. गुरुजींना फोन केला. त्यांनी सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, रामरक्षा म्हणा आणि फाटक उघडू नका.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. हे आज पहाटे जयदीपबरोबर मासे धरायला गेले. जयदीप ह्यांच्याच खात्यात, रत्नागिरीचा. भाड्याची लहान होडी. मी नको म्हटलं होतं. म्हणाले, अकरा वर्षांत एकच करमणूक आहे माझी, यल्ला, निघतो, दुपारपर्यंत येतो, मसाला वाटून ठेव.

होडी खडकावर उलटली. जयदीपला दुसऱ्या होडीने उचललं. हे सापडले नाहीत.

मसाला वाटलेला तसाच आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

शोध चालू आहे म्हणतात. जयदीप येतो, अंगणात बसतो, आणि दरवेळी तेच सांगतो, वहिनी, हरिहरचा हात माझ्या हातात होता. मी त्याला चहा देते. दुसरं काय देऊ.

सानिया माझ्याकडेच झोपते. तिच्यासमोर मी कपाटाचं दार उघडं ठेवते. तीही तिची नमाज तिथेच बाजूला पढते.

दुपारी फाटकाशी कोणी नसतं. शुक्रवारपासून कोणीच नाही. ह्याचीच मला जास्त भीती वाटते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

वन्संना मास्तरांनी शेवटचे कागद दिले, त्यांनी न वाचताच मला पाठवले. राघोपणजोबांच्या हातची चार पानं. आई मरताना काय बोलली, ते लिहून ठेवलंय.

धोंडीराम परत आला होता.

बुडाला नव्हता. इकडच्या कोळ्यांनी वाचवला, महिनोन्महिने आजारी पडून होता, मग एका गलबतातून दुसऱ्यात असं करत तीन वर्षांनी घरी आला. दुपारची वेळ. भाऊबंदांनी फाटक लावून घेतलं. ज्याचा पुतळा जाळला तो माणूस नव्हे, भूत, असं गावाचं म्हणणं. तो तीन दिवस बाहेर उभा होता. तिसऱ्या दिवशी पंचांनी सखूबाईला पुढे आणलं. म्हणाले, तू सांग. तुझा असेल तर त्याच्याबरोबर गावाबाहेर जा, पण मूल इथेच राहील.

तिने मांडीवरच्या राघोकडे बघितलं आणि सांगितलं, हा माझा माणूस नव्हे.

तो वळला आणि खाडीकडे गेला. परत कधी दिसला नाही. तिने चाळीस वर्षं रोज दुपारी फाटकाकडे पाठ करून जेवण केलं, असं राघोने लिहिलंय.

तिला शिव्या द्याव्यात असं वाटलं. देता आल्या नाहीत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

वन्संचा फोन. खूप रडल्या. भाऊच तो त्यांचा. मग हळूच म्हणाल्या, माझ्या मुग्धाचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. मुलीकडचे आपण, काय तोंड दाखवणार. दहा दिवस झाले, आता आशा ती काय. दिवाळीच्या आधी पुतळा करून मोकळं व्हावं, असं सगळ्यांचं मत आहे.

मी चारही पानं त्यांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, ते जुन्या काळातलं गं. आता कोणी परत येत नाही.

मी म्हटलं, करू नका. पाया पडते. पुतळा करू नका.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

केलं. सकाळी नऊला, खाडीवर. भाच्याने फोटो पाठवला, मग पुसला. तोवर मी पाहिला होता.

माझ्या हातात बांगड्या आहेत. काढणार नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी साडेबारा. सानिया घरी जेवायला गेली होती. तिने तिच्या खिडकीतून फोन केला. भाभी, बघ, फाटकाशी हरिहरभाई.

मी पाहिलं. ह्या वेळी तोंड इकडे होतं. हे. तोच चेहरा, तोच उतरता खांदा, अंगावर तोच मासेमारीचा शर्ट, चिंब. विचारलं, ओळखतेस का.

गुरुजींचं आठवलं. सखूबाईचंही आठवलं. ती चाळीस वर्षं पाठ करून जेवली. मला ते जमणार नाही.

मी म्हटलं, हा माझा माणूस. कडी काढली.

अडीच

ह्यांनी आंघोळ केली. मोरीतून काळं पाणी गेलं, थांबेचना. भात वाढला. खाल्ला नाही, नुसता हात ठेवला, भात काळा. सानियाला आत येऊ देत नाहीत. फोन कुठे होता, कसे वाचलात, काही सांगत नाहीत. डोळे ह्यांचेच आहेत. पण मला एकदाही मंजिरी म्हटलं नाही.

आत्ता म्हटलं. सखू म्हटलं.

साडेतीन

जयदीपचा फोन. ओरडत होता, हसत होता, रडत होता. हरिहर जिवंत आहे. कोळ्यांनी उचललं, किनाऱ्यावरच्या दूरच्या गावात इस्पितळात होता, शुद्ध नव्हती, इकामा पाण्यात गेलेला, नाव कोणाला कळेना. काल सकाळी नऊला डोळे उघडले. जयदीप गाडीतून घेऊन येतोय. मग फोनवर ह्यांचा आवाज. थकलेला. म्हणाले, मंजिरी, मसाला वाटलास का.

मी फोन ठेवला. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे. सगळं ऐकलं त्याने.

रागावला नाही. रागावला असता तर बरं. रडतो आहे. म्हणतो, तू ओळखलंस. आता माझं घर झालं. एकाच नवऱ्याला ओळखता येतं. तो आला की त्याला सांग, तिने मला सांगितलं तेच.

म्हणतो, नाही सांगितलंस तरी चालेल. पण मग ह्या खेपेला मी एकटा परत जाणार नाही. त्याला घेऊन जाईन.

पावणेपाच

लिहितेय म्हणजे मान वर करायला नको. तो माझ्या मागे आहे. पाठ ओली झाली माझी.

रामरक्षा तीनदा सुरू केली — पुढचं आठवत नाही —

नाही म्हटलं तर हे वळून जातील. जगतील. कुठेतरी. मी नसताना —
हो म्हटलं तर —

गाडी थांबली. दार वाजलं गाडीचं. जयदीप हाका मारतोय. हे फाटकाला धरून उभे आहेत, हाताला पट्टी, केवढे वाळलेत. हसतायत. मला उठायला हवं.

मागून खांद्यावर हात आला. गार.

हे विचारतायत, अगं, अशी काय बघतेस, ओळखलं नाहीस का —

मी सांगते. देवा, मला क्षमा कर, मी सांगते. हा माझा