तेवीस तारखेचं प्रकाशन

४ नोव्हेंबर, मंगळवार

वाचनालयाच्या फळ्यावर महिन्याचे कार्यक्रम लिहिले. ८ तारखेला सर्पदंशावर डॉक्टरांचं व्याख्यान. २२ ला पुस्तक प्रकाशन. डिसेंबरात प्रदर्शन — कशाचं, ते ठरायचं आहे. अध्यक्ष अच्युतराव म्हणाले, "काढा काहीतरी. भिंती रिकाम्या दिसून राह्यल्या."

प्रकाशन मीच मागे लागून ठरवलंय. लेखिका यशोदाबाई, गिरडजवळच्या खेड्यातल्या. वय एकाहत्तर, शिक्षण सातवी. त्यांच्या वर्गात अकरा मुली होत्या. त्या अकरा जणींचं पुढे काय झालं, एवढंच पुस्तक. एका जागी, शाळेतून मधेच काढलेल्या मैत्रिणीबद्दल लिहिलंय — 'कुसुम विहिरीवर दिसली की आम्ही एकमेकींले पाढे विचारत असू. दुसरं काय बोलावं ते सुचतच नव्हतं.' तिथे थांबून मी बाहेर व्हरांड्यात जाऊन आले.

तारीख त्यांच्या नातीने, वेदश्रीने, काल फोनवर कळवली. बावीस.

९ नोव्हेंबर

काल व्याख्यानाला हॉल भरला. प्रश्न मी माइकवर परत सांगत होते. एका म्हाताऱ्याने विचारलं, "दवाखाना लांब असला तं?" मी सांगितलं, "दवाखाना बंद असला तर?" सगळे हसले. मीही हसले.

इथे तरी खरं लिहावं. मला कमी ऐकू येतं. दोन वर्षं झाली. उजव्या कानाने जास्तच. समोरचा बोलतो तेव्हा मी ओठ बघते, अर्धं त्यावर भागतं. घरी हे म्हणतात, "लक्ष कुठं असते तुझं?" त्यांनाही सांगितलेलं नाही. चोवीस वर्षं या खुर्चीवर काढली. ग्रंथपालाला ऐकू येत नाही म्हटलं की मागच्या खोलीत नोंदवह्या घेऊन बसवतील, आणि व्याख्यानं दुसरं कोणी बघेल.

१८ नोव्हेंबर

यशोदाबाईंना आठवणीचा फोन करायला हवा. फोनवर ओठ दिसत नाहीत. उद्या करीन.

२० नोव्हेंबर

नाही केला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चाळीस माणसं आली. पाहुणे प्राध्यापक वेळेच्या आधी हजर. पुस्तकांवर लाल फीत. यशोदाबाई आल्याच नाहीत! साडेसहापर्यंत थांबलो. त्यांचा फोन लागला नाही, नातीचाही नाही. प्राध्यापक चहा घेऊन निघाले. अच्युतराव इतकंच म्हणाले, "मंजुषाताई, दोन दिवस आधी विचारून घ्यायचं असते."

२३ नोव्हेंबर, रविवार

रविवारी दुपारी वाचनालय बंद असतं. साडेचारला समोरच्या झेरॉक्सवाल्याचा निरोप — पायऱ्यांवर पंधरा-वीस माणसं बसली आहेत, बायका आहेत, कुलूप बघून गप्प आहेत.

सिंदी मेघेच्या घरून गाडी काढली ती थेट तिथे.

मधल्या पायरीवर यशोदाबाई. नवं हिरवं लुगडं. मुलं, सुना, नात, शेजारी — दोन गाड्या भरून आलेले. आणि तीन म्हाताऱ्या. कोण, ते ओळख होण्याआधीच कळलं. वर्गातल्या. अन्नपूर्णाबाई तर हिंगणघाटहून, गुडघ्याला पट्टा बांधून.

"आज तेवीस ना वं बाई?" यशोदाबाईंनी विचारलं. "का आमचंच काही चुकलं?"

घाईत किल्ली उलटीच घातली, कुलूप उघडेना. कुणीतरी किल्ली हातातून घेतली.

अच्युतरावांना बोलावलं. चपला घालून तसेच आले. ग्रुपवर निरोप टाकला, सहा सभासद आले. पाहुणा नव्हता. मग फीत अन्नपूर्णाबाईंनी सोडली. गाठ सुटेना तर दातांनी. पुस्तक वर धरून त्या म्हणाल्या, "यात माह्यं खोटं काही लिवलं नाई ना वं?" यशोदाबाई म्हणाल्या, "खरं लिवलं, म्हणूनच तं भेव वाटून राह्यलं."

यशोदाबाईंनी वाचलं. मी पहिल्या रांगेत, त्यांच्या तोंडाकडे बघत. कुसुमचं पान आलं तेव्हा तिघींपैकी एक जण वाचनासोबत पुटपुटत होती — बे एके बे, बे दुणे चार.

आभार मानायला उभी राहिले. कागदावर नेहमीची नावं होती. ती वाचली नाहीत. म्हटलं, "या लोकांना तासभर पायरीवर बसावं लागलं, ते माझ्यामुळे. तारीख मी फोनवर चुकीची ऐकली. मला कमी ऐकू येतं. दोन वर्षं लपवलं. परत विचारायची लाज वाटली."

मागून कुणी काही बोललं असेल, तर मला ऐकू आलं नाही.

जाताना यशोदाबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि सावकाश बोलल्या. "आमी आयुष्यभर पायऱ्यांवरच बसलो, बाई. आज आत बोलावणारं कोणी होतं."

२४ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. हातातला पेपर बाजूला ठेवला. मग — "मी तुले किती बोललो असीन." आता समोर येऊन बोलतात. चहा हवा का हेसुद्धा.

२९ नोव्हेंबर

समितीची बैठक. मी राजीनामा लिहून नेला होता. अच्युतरावांनी तो वाचला आणि घडी घालून मलाच दिला. "कान तपासून घ्या. अन् कार्यक्रमाच्या तारखा यापुढे लेखीच मागवायच्या. आम्हाले बी ते बरं."

डिसेंबरच्या प्रदर्शनाचंही ठरलं. यशोदाबाईंचं पुस्तक वाचून लोक आपापले शाळेचे जुने फोटो आणून दाखवताहेत. तेच लावायचे. प्रत्येकाखाली मुलींची नावं. ज्यांचं पुढे काय झालं ते कळलं, त्यांचं तेही.

५ डिसेंबर

सेवाग्रामला कान तपासले. दोन्ही गेलेत — उजवा बराच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून वर्षभर थांबला असता तर यंत्राचाही फारसा उपयोग झाला नसता.

१२ डिसेंबर

यंत्र बसवलं. पानं उलटताना आवाज होतो! पंखा किती कुरकुरतो. वाचकांना हे रोज ऐकू येत होतं, आणि एकानेही तक्रार केली नाही.

१६ डिसेंबर

एकसष्ट फोटो जमले. एका बाईने फोटोतल्या मुलीवर बोट ठेवलं, "ही मी," म्हणाली, आणि बसली ती तासभर. कुजबुजत होती. सगळं ऐकू आलं.

१८ डिसेंबर

वेदश्री आजीचा वर्गाचा फोटो घेऊन आली. एकटीच. फोटो दिला तरी जाईना. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही बरोबर ऐकलं होतं. आजीनं मले तेवीस सांगितलं, अन् फोनवर मीच बावीस म्हटलं. तुम्ही सगळ्यांसमोर बोलल्या, तवा मी चूप राह्यली." अच्युतरावांना आत्ता जाऊन सांगते म्हणत होती. नको म्हटलं. डोळे पुसायला लावले, आणि फोटो कुठे लावायचा ते तिलाच विचारलं.