नांदेडच्या बागेतला कान

आई, तुझा कान मी नांदेडच्या एका बागेत उभा केला आहे आणि गेले काही महिने त्याच्यापायी माझं डोकं उठलं आहे. तू तर कधीचीच गेलीस, म्हणून स्कॅन केला तो माझाच कान, कारण आपले कान सारखे असं सगळेच म्हणायचे. मग कॉम्प्युटरवर त्याची पाळी खाली ओढली, कानातल्या जड सोन्याच्या फुलांनी तुझी ओघळली होती तेवढी, आणि कान माणसाहून उंच केला. कॉम्प्युटरनेच त्याचे आडवे काप पाडून दिले, लातूरच्या कारखान्यात तसे पोलादी पत्रे लेझरने कापले, आणि ते एकावर एक रचून जोडले. जवळून नुसत्या पट्ट्या दिसतात, रस्त्यापलीकडून कान.

बागेच्या समितीला तो बिनफुलाचा पटेना. "बाईचा कान हाय तर फूल पाहिजे ना मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हाला काय, बटन तर दाबायचं." हे बटन ऐकून ऐकून मी विटले. रंग उजळ करा, तोंड रस्त्याकडे करा, सगळं त्या एका बटनावर. मी म्हणाले, लोकांनी मनातलं बोलावं आणि यानं नुसतं ऐकावं, एवढंच याचं काम. त्यांनी माना डोलावल्या आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मला न विचारता आत स्पीकर बसवला. आता कुणी जवळ जाऊन बोललं की कान म्हणतो, "आमच्या बागेत आपले स्वागत आहे." नायगावहून आलेली एक म्हातारी त्याला सांगत होती, "सून बोलत न्हाई बघ माझ्याशी." कानाने तिचं स्वागत केलं. ती जरा थांबली आणि पुढचं सांगू लागली.

मी संतापले, आणि संताप आला तो तुझ्यावरच. तूही अशीच होतीस. कानाचं मशीन आणून दिलं तर खरखर करतं म्हणून ते तू डाळीच्या डब्यात ठेवलंस. मग कुणी काहीही बोललं की हसून भलतंच उत्तर. लातूरच्या स्वयंपाकघरात तू भाकरी थापते आहेस, मी दाराशी उभी आहे. कॉलेजातली नोकरी सोडून शिल्पं करणार आहे, हे सांगायला मी किती दिवस धीर गोळा केला आहे. सांगते. तू तव्यावरची भाकरी उलटतेस आणि म्हणतेस, "हाव, लाडू वरच्या डब्यात हायेत." मी रडत लाडू खाल्ला. तुला ऐकू आलं होतं की नाही, मला आजवर कळलेलं नाही. पुन्हा सांगायचा धीर होईपर्यंत तू राहिली नाहीस.

स्पीकर काढा म्हणून मी समितीशी भांडत राहिले. परवा एकदाचे ते तयार झाले. वायरमन शिडी लावून चढला आणि म्हणाला, "काढून टाकू ना मॅडम?"

"राहू द्या," मी म्हणाले.

तो वैतागून शिडी घेऊन गेला. समितीला आता काय सांगायचं, मला सुचत नाही, आणि हे लिहिलेलं तर कुणाला दाखवायचीही सोय नाही. वायरमन यायच्या आधी, त्याच दिवशी सकाळी बाग उघडल्या उघडल्या मी एकटीच त्या कानाशी बरंच काही बोलून आले होते. त्याने स्वागत केलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं.