समुद्राकडची खोली

शुक्रवार, ६ तारीख

निघालो एकदाचे! लेक गाडी चालवते, जावई शेजारी, मागे मी आणि जावयाची आई — आमच्या विहीणबाई. जावयाची समुद्राकाठच्या गावी बदली झालीय. घर बघायला चाललोय. त्या घरात आम्हा दोघींपैकी एकीपुरती खोली आहे, असं लेक काल हळूच म्हणाली. म्हणजे ती विहीणबाईंचीच. मुलाची आई ती! मी आपली तिसऱ्या मजल्यावर भिंतींशी बोलत बसणार.

बरं, बाईंना त्याचं काही कौतुक? काच वर करा, काच खाली करा. मळमळतंय, थांबा! कासव पुढे गेलं असतं आमच्या.

शनिवार, ७

काय ते गाव! दुरून डोंगर साजरे म्हणतात, समुद्रही दुरूनच साजरा. वाऱ्यानं केसांची केरसुणी झाली. दुकानोदुकानी त्याच धूळ खात बसलेल्या शिंपल्यांच्या बाहुल्या. जावई म्हणतो, "काय हवा आहे!" हवा? खाऱ्या तुषारांनी माझा चष्मा आंधळा झाला.

लाइटहाउसच्या दारातच विहीणबाईंनी बसकण मारली. "गुडघे गेले हो माझे! मला वर नेऊन ढकलायचंय का?" झालं, कुणीच चढलं नाही. जेवायला बसलो तर बाईंचं सुरूच — मासा खारट, पाव शिळा, वाढपी उद्धट. बिचारा दोनदा पाणी बदलून गेला! लेक आपली, "अहो आई, हे घ्या, अहो आई, ते घ्या." तिचं तोंड एवढंसं झालेलं. मला बाईंच्या डोक्यावर रस्सा ओतावासा वाटला.

मग ते घर. ती खोली. शिवण मला कुणी शिकवली नाही, उसवून उसवून शिकले — पण माप नजरेनं घेते. तरी खिडकीखाली वितीनं मोजलं. उगाच, गंमत म्हणून. माझी मशीन बरोब्बर बसेल. समोर पाणीच पाणी... जाऊ दे.

विहीणबाई दारातूनच — "शी! याच्यापेक्षा कोंबड्यांचं खुराडं बरं. आणि त्या लाटा! वेड लागेल मला." चणे आहेत तर दात नाहीत, दुसरं काय!

संध्याकाळी जावई लेकीला सांगत होता, "आईचं इथं नाही जमायचं गं." मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

रविवार, ८, सकाळी

उजाडताना जाग आली. लॉजच्या एकाच खोलीत आम्ही दोघी, पण शेजारची खाट रिकामी. खिडकीतून बघते तर — समुद्राकाठच्या बंधाऱ्यावर विहीणबाई! चपला हातात, साडी वर खोचलेली, तुरुतुरु पायऱ्या उतरतायत, लाट आली की पोरीसारख्या पळत वर येतायत. आणि म्हणे गुडघे गेले!

तशीच खाली गेले. "हे काय सोंग हो?"

दचकल्या. मग हसल्याच. "ओरडू नका, पोरं उठतील. बसा." पदरानं पाय पुसत म्हणाल्या, "मला धाकटा आहे, घर भरलेलं आहे. तुम्हाला ही एकच लेक. आणि तुम्ही काही तोंड उघडून मागणार नाही."

"मग सरळ नको म्हणायचं!"

"ऐकलं असतं माझ्या पोरानं? म्हणाला असता, आई मोठेपणा करतेय. म्हणून म्हटलं, नकोशीच होऊन दाखवते. मशीन बसते ना खिडकीखाली? मोजताना पाहिलं मी."

मी त्यांच्या शेजारी टेकले. तर म्हणाल्या, "त्या माशाचं तेवढं वाईट वाटलं. इतका सुरेख होता!"

लाटांनी वेड लागेल म्हणणारी बाई, पण बोलताना डोळे पाण्यावरून हलत नव्हते.

रविवार, चहानंतर

लेक म्हणाली, "आई, ती खोली आम्ही तुला —"

मी कप आपटला. "शी! चहा आहे की धुण्याचं पाणी? आणि मेल्या त्या लाटा, रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या!"

टेबलाखालून विहीणबाईंनी अशी लाथ हाणली — बाईंचे गुडघे ठणठणीत आहेत!