प्लाझ्मातल्या लाटा आणि तुझं राहिलेलं व्याख्यान

प्रिय ताई,

उद्या संध्याकाळी महिला मंडळात तुझं व्याख्यान आहे आणि ते मी देणार आहे. म्हणून हे पत्र. एरवी गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यांतली मी नाही, हे तुला माहीत आहे.

विषय तूच कळवून ठेवला होतास: प्लाझ्मातल्या लाटा ग्रहांभोवतीच्या कणांचं काय करतात? अमरावतीच्या बायकांपुढे हा विषय! मी तेव्हाच म्हटलं होतं, "त्यापेक्षा लोणच्यांवर बोल, हॉल भरेल." तू म्हणालीस, "तू समोर बस. मले तेवढं पुरे." आणि मग तूच निघून गेलीस. ही काय रीत झाली?

मंडळाच्या अध्यक्ष सुमनबाई भेटायला आल्या. म्हणाल्या, "रद्द करू जी. श्रद्धांजली ठेवू, दोन भजनं होतील." भजनं! जन्मभर अकोल्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईच्या नावाने भजनं! मी म्हटलं, व्याख्यानच होईल, मी देईन. बोलून बसले आणि मग घाम फुटला. मी शाळेत गणित शिकवलेली. तुझा विषय मला येतो तो फक्त तुझ्या तोंडून ऐकलेला.

तू निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आलीस तेव्हापासूनची आपली पद्धत आठवते? मी भाजी निवडायची, तू बोलायचीस, आणि मी "नाही पटलं" म्हणायचं. माझी हरकत संपली की मगच तू ते कागदावर उतरवायचीस. अंबाडीच्या किती जुड्या त्या इलेक्ट्रॉनांपायी निवडून झाल्या! "शालू, तू मुद्दाम अडवून राहिलीस!" असं ओरडायचीस. हो, कधी कधी मुद्दाम. तुझा आवाज चढला की घर भरल्यासारखं वाटायचं.

ताई, तू गेल्यापासून माझं सगळंच बरोबर असतं. मी काहीही बोलले तरी लोक मान हलवतात. निम्म्यांना मी अजून मुख्याध्यापिका वाटते, उरलेल्यांना बिचारी. परवा ऑटोवाल्याला मी चुकीचं वळण सांगितलं, तर तोही "हो काकू" म्हणत मुकाट्याने वळला. इतकं एकटं मला तुझ्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं.

असो. भाषण लिहिलं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कण अडकलेले असतात, गिरक्या घेत उत्तर-दक्षिण येरझारा घालतात. तिथल्या विरळ प्लाझ्मात, म्हणजे अशा विद्युतभारित कणांच्या वायूत, लाटा उठतात. आपल्याकडे वीज कडाडली की तिच्यातल्या काही लाटाही तिथवर पोचतात. लाटेचा ताल कणाच्या गिरकीशी जुळला तर कणाला जोर मिळतो, जसा वेळेवर ढकललेला झोका उंच जातो. काही कण एवढे वेगवान होतात की उपग्रह बिघडवतात. तशाच लाटांनी दुसरे काही कण वातावरणात पडतात. गुरू-शनीभोवतीही हाच प्रकार. सगळं मी त्या एका झोक्यावर बसवलं आणि स्वतःवर खूश झाले.

सुमनबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे पुसले. "ताईच बोलून राहिल्या असं वाटलं जी." अकोल्याला आपल्या भाच्याला फोनवर ऐकवलं. "एकदम भारी, मावशी." मी विचारलं, काय भारी? "म्हणजे... सगळंच." तुझ्या व्याख्यानाला ही दाद! मनात आलं, उद्या मी धडधडीत चुकीचं बोलले तरी टाळ्याच पडतील. तुझ्या नावाखाली! झोप उडाली माझी.

आज दुपारी समोरच्या शकीलाकडे साडीला फॉल लावून घ्यायला गेले. ती माझीच जुनी विद्यार्थिनी, तुझ्याही साड्या तीच करायची. तिला मशीन थांबवायला लावून सगळं ऐकवलं आणि विचारलं, "कळलं?"

तिने सुई पाहिली, छताकडे पाहिलं. "बाई, गुस्सा नोका करू. मले नाई समजलं."

"काय नाही समजलं?"

"झोका ढकलला त उंच जाते, हे समजलं. मंग लाटेनं दुसरा कण खाली कावून पडते?"

"का म्हणजे? ढकलायची वेळ चुकली की झोका मंदावतो, शकीला."

"मंदावला त झोक्यावरच राह्यला ना जी. पडला कुठं?"

मी तिच्याकडे शाळेत बघायचे तसं बघितलं. ती हलली नाही. आणि खरं सांगते ताई, चूक माझी होती. झोक्याने जोर समजतो, पडणं समजत नाही. तू हे पहिल्याच वाक्याला धरलं असतंस.

मी तिचा दोरा घेतला आणि पेन्सिलीला गुंडाळला. म्हटलं, "कण असा गिरक्या घेत पुढे जातो. ध्रुवाकडे चुंबकाचा जोर वाढतो, वेढे दाट होत जातात, पुढची चाल संपते आणि कण मागे फिरतो. पण लाटेने त्याची दिशा थोडी सरळ केली, तर वेढे असे विरळ होतात. तो वळायच्या आधीच फार खोल जातो. तिथे हवा असते. हवेवर आदळला, की संपला."

"सरळ चालला म्हणून मेला?" शकीला म्हणाली. "हे त माणसायसारखंच झालं."

"आणि कुणाला जोर मिळणार, कोण सरळ होणार, हे लाट त्याला कुठल्या क्षणी गाठते त्यावर ठरतं."

"मंग असं बोला ना उद्या! झोका-झोका काय लावलं?"

ताई, कुणीतरी मला झापलं! घरी आले, दार लावलं आणि रडले. तू गेलीस त्या दिवशी आलेल्यांचा चहा बघण्यात जे राहून गेलं होतं, ते सगळं. मग भाषण नव्याने लिहिलं.

शकीला उद्या माझ्यासोबत येणार आहे. "मंडळात मले कोण बोलू देईन?" म्हणत होती. मी देईन, म्हटलं.

पण निघताना तिने आणखी एक विचारलं, "इतके कण पडून राहिले, त तिथले सरून कावून नाई जात?" तू हे मला कधीतरी नक्की सांगितलं असशील, आणि मी भाजीत डोकं घालून बसले असेन. आता कुणाला विचारू?

उद्या हाच प्रश्न आला तर मी सभेत उभी राहून "मला माहीत नाही" म्हणेन. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून हे वाक्य मी एकदाही उच्चारलेलं नाही. तुझ्या नावावर उत्तर रचून सांगणार नाही, हे वचन. आणि परवापासून इथल्या कॉलेजच्या वाचनालयात जाऊन बसणार. तुला अडवण्यात माझी इतकी वर्षं गेली. उत्तर शोधायची पाळी आता माझी.

तुझी,
शालू