पठारावरचे सात गोठे

अकोले, ८ नोव्हेंबर १९७१
वाळवी लागली म्हणून दप्तरखान्यातलं कपाट उपसलं. तळाशी इंग्रजांच्या वेळचा डोंगरपट्ट्याचा नकाशा. मी दोन वर्षांपूर्वी केलेला शेजारी ठेवला. माझ्यात पठार कोरं, वर ‘पडीक’. जुन्यात सात गोठे, झरा, गुरांची वाट. त्याच पठारावर आता बॉक्साइटची खाण यायची आहे, माझ्या नकाशाच्या जोरावर.

९ नोव्हें.
साहेबांना दाखवला. म्हणाले, एवढ्या वर्षांत गोठे पडले असतील. बरं, आणि झरा? तोही पडला?

१४ नोव्हें.
रविवार. चढून गेलो. सात कुठले, नऊ गोठे! गुरं, धूर, माणसं. मोजणीच्या वेळी खाली गावात ज्याच्याकडे उतरलो होतो तो सोमा भेटला. म्हणाला, दसऱ्याला वर येतो, होळीनंतर झरा आटला की गोठे मोडून वासे खाली नेतो, वर ठेवले तर पावसात कुजत्यात. मी मोजणी केली वैशाखात. गाढव लेकाचा.
वर हसून म्हणतो, “आमच्या अंगनात वाशांवर बसून जेवला न्हाई का? त्ये हितलेच.”
दूध दिलं. प्यालो.

२० नोव्हें.
सा.ना म्हटलं, फेरमोजणी करू. आवाज न चढवता म्हणाले, “चूक निघाली तर ती तुमची. बढतीचा कागद माझ्या टेबलावर आहे.” जेवण गेलं नाही. ही विचारत राहिली.

२९ नोव्हें.
खाणीची सुनावणी. गावातली आठ-दहा माणसं, धुतलेली धोतरं नेसून. सा.नी माझा नकाशा पसरला, गोठे दाखवा म्हणाले. सोमानं माझ्याकडं बोट केलं. “ह्यास्नी इचारा. ह्याच महिन्यात आल्ते, दूध पिऊन गेले.”
सगळे माझ्याकडं. मी म्हणालो, मोजणीच्या वेळी पठारावर वस्ती नव्हती.
एक अक्षरही खोटं नाही. थू माझ्या जिनगानीवर. जुना नकाशा पिशवीत होता, काढला नाही. सोमानं टोपी घातली.

३० नोव्हें.
हुकूम अजून निघालेला नाही. सा. म्हणतात, जुना नकाशा उद्या जमा करा, रद्दीच्या यादीत घालतो. गादीखाली आहे. वरचे साहेब नगरला बसतात, पहिली एसटी सहाला. हिला म्हटलं, पाचला उठव. कशाला, ते सांगितलं नाही. उठवलं तरी उठेन का, देव जाणे.