स्वच्छ वर्तुळ

४ फेब्रुवारी
पोचले एकदाची! खोली प्रयोगशाळेच्या वरच आहे. पूर्वेला खिडकी, खिडकीत कुंडी, आणि पलंगामागची भिंत ओल धरून काळ्या बुरशीने भरलेली. ती पुसून घ्यायची राहिली, म्हणून ताई दहा वेळा हळहळली. ताई म्हणजे कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढची. वीस वर्षं भेट नाही, आणि अचानक तिचाच फोन, की तुझ्याइतकं प्रामाणिक मोजणारं माणूस मला कुठे मिळणार? चव्वेचाळिसाव्या वर्षी असं कुणी म्हणालं, की भरून येतं. लेकीला कळवलं. ती म्हणाली, आई, तिकडे तरी स्वतःच्या चुका उकरत बसू नकोस.

५ फेब्रुवारी
काम कळलं. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. त्यांतल्या एकीला तेलातल्या आम्लाची शेपटी जोडली, की ती जंतूच्या आवरणात घुसते आणि आवरण फाटतं. काम झालं, की शरीर तिचं साधं अन्न करून टाकतं. माणसाला अपाय नाही. जंतू वाढवलेल्या बशीत या औषधाने भिजवलेली कागदी टिकली ठेवायची. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू मेलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं. ते मी मोजायचं.

इथली एक रीत गमतीची आहे. प्रत्येकाने आठवड्यातून एकदा जंतूंचं खाद्य पसरलेल्या मोठ्या बशीत पंजा टेकवायचा. दुसऱ्या दिवशी जंतूंचा पंजा उगवतो. काल पोचताच टेकवलेला माझा इतका दाट उगवला, की ताई म्हणाली, अगं बाई, अख्खं गावच घेऊन आलीस की! सगळे हसले, मीही. सारखे हात धुऊन कातडी फाटते, म्हणून तिने मला घरी केलेल्या मलमाची डबी दिली. न विसरता लाव, वेंधळे, म्हणाली. दोन-तीन कागदांवर सह्याही झाल्या.

२६ फेब्रुवारी
माझा पंजा दर खेपेला निम्म्याने विरळ होतोय. हात धुऊन लगेच टेकवला असेन. नव्हते धुतले. मग बशी नीट केली नसेल. तीनदा नव्याने केली. ताई म्हणाली, चूक तुझीच असणार, पुन्हा कर. पटलं मला.
पोट बिघडलंय. खाल्लेलं पचतच नाही.
उशीजवळची बुरशी नाहीशी झालीय. मी पुसल्याचं आठवत नाही.

११ मार्च
पंजा उगवलाच नाही.
आठवडाभर मलम बंद ठेवलं होतं, ताईला न सांगता. त्याचीच खंत करत बसले. टेबलावर पाच दिवसांचं उष्टं दूध आहे. नासलेलं नाही.
भिंतीवरची मोकळी जागा गोल आहे. मध्यभागी माझी उशी. मोजली: उशीपासून दोन हात.

१५ मार्च
चार हात. कुंडीतलं रोप गेलं. मुंग्यांची रांग पलंगाला लांबून वळसा घालते. आत शिरलेल्या उताण्या पडल्यात.

१८ मार्च
आकडे द्यायला ताईच्या टेबलापाशी गेले. तिथे तक्ता होता. माझं नाव नाही, ‘टिकली ४’. माझ्या वर्तुळाचे आकडे पुढच्या आठवड्यापर्यंत आधीच भरलेले. वरची तारीख तिने मला फोन केला त्या दिवसाची. खाली तिच्या अक्षरात: मलम थांबवलं तरी वाढतं, शरीर ते मोडत नाही, स्वतःच बनवू लागतं. टिकली एक, दोन, तीन यांच्यापुढे नुसती रेघ.
संमतिपत्रावर माझी सही. प्रत्येक कागद दोनदा वाचणारी मी — तो वाचला नव्हता. ताईने पुढे केला होता ना.

तिला विचारलं. खोटं नाही बोलली. लांब उभी राहून म्हणाली, की काहीही बिघडलं तरी तू चूक स्वतःचीच शोधतेस. म्हणून तर तुला बोलावलं.

२० मार्च
दाराला बाहेरून कडी. फोन ताईने पुसून देते म्हणून नेला, तो नेलाच. खिडकीत चिमणी बसली आणि — सहा हात.

२२ मार्च
आठ. ताई जिन्याखालूनच ओरडून बोलली. लेकीला कळवलंय, आई फार आजारी आहे, ये. मुंगी झाली, चिमणी झाली, आता माणसाचा आकडा हवा. तो तूच लिही म्हणाली, तुझ्यावर विश्वास आहे —
विश्वास.

२३ मार्च, सकाळ
दारापासून सगळ्यात लांबच्या भिंतीला पाठ लावून बसलेय. इथून दार आठ हात. वर्तुळ नऊ. पुन्हा मोजलं. माझी चूक नाही. या वेळी तरी असू दे ना —

फाटकाशी रिक्षा. तीच आहे. रात्रभर ओरडून आवाज बसलाय. चिठ्ठी सरकवावी तर — कागद माझ्या हातचा —

जिन्यावर पावलं. आई, आई करतेय. कडी तीच काढतेय

नको बाळा तिथेच थांब मागे हो मा