सलामीसाठी जपलेला डबा

मृत्युपत्र करून ठेवणार: श्रीमती साळूबाई पुंडलिक ठोंबरे, वय अंदाजे ऐंशी (जन्माची नोंद नाही, आई सांगायची, ज्वारी खळ्यावर आली होती तेव्हाची), धंदा शेती व घरकाम, मूळ राहणार चितेगाव, तालुका पैठण, हल्ली मुक्काम धाकटा मुलगा सोमनाथ याच्याकडे, पडेगाव, छत्रपती संभाजीनगर.

मी लिहायला-वाचायला शिकलेले नाही. मी बोलते आहे आणि वकील प्रमोदिनीबाई लिहून घेत आहेत. त्या माझं बोलणं कायद्यात बसवतात. जिथं मी बसू दिलं नाही, तिथं ते उभंच राहिलं आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याची खात्री डॉक्टरीणबाईंनी केली. त्यांनी आजचा वार विचारला, लेकांची आणि सुनांची नावं विचारली. नावं सांगितली. स्वभाव विचारले नाहीत, म्हणून सांगितले नाहीत. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकणाऱ्या माणसाला आज मुद्दाम बोलावलेलं नाही.

कलम पहिलं. हा कागद मी गेल्यावर, पण मला उचलायच्या आधी वाचावा. लोक म्हणतील, मढं दारात आणि वाटणी कसली वाचता? त्यांना सांगावं, म्हातारीला घाई नाही. वाचण्याचं आणि पुढची अंमलबजावणी करण्याचं काम वकीलबाईंकडे आहे. वाचून होईपर्यंत चितेगावच्या घरातली, बद्रीनाथनं मागाहून घेतलेली बंदूक कोणी हातात घेऊ नये, आणि देव्हाऱ्याखालच्या डब्याचं झाकण कोणी उघडू नये.

असं का, ते सांगते. गेल्या दिवाळीत थोरला मुलगा बद्रीनाथ मला भेटायला पडेगावला आला. यंदा तो निवडणुकीला उभा राहणार, म्हणून आई आठवली. म्हणाला, "आई, तुझं सोनं करतो बघ. तुला उचलताना सलामीचे बार काढणार, आबांनी ठेवलेल्या बंदुकीच्या दारूचे. माझ्या शिवराजच्या हातून. समदं चितेगाव बघंल."

मी म्हणाले, "मला ऐकू येणार हाय का रं ते?"

"लोकांला तर येईल!"

"मग माझ्या मरणाची वाट कशाला बघतो? प्रचारालाच काढ की."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करते. मी थट्टा करतेच. पण त्या डब्याची थट्टा मी कधी केली नाही.

आमचे मालक, पोरांचे आबा, पुंडलिकराव यांच्याकडे पीक राखायच्या परवान्याची एकनळी बंदूक होती. रानडुकरं भुईमूग उकरायची, तेव्हाची गोष्ट. ते उडालेली पितळी काडतुसं जपून ठेवत आणि घरीच पुन्हा भरत. परवान्यावर आणलेली काळी दारू ते पत्र्याच्या डब्यात घालून बाजरीच्या कणगीत पुरायचे. ओल असली तर बाजरी पिऊन टाकते, म्हणत. "ही कोरडी राहिली तर नातवालाबी पुरंल. ओल लागली तर ऐन तरुणपणी मेली समज." डब्याला ते दसऱ्यालासुद्धा नमस्कार लांबूनच करायचे. आणि बार फुसका गेला, की बंदूक मोडून, काडतूस काढून, नळी आभाळाकडं धरून आरपार उजेड दिसतो का ते बघायचे. छर्रा अर्ध्यात अडकला असला तर उजेड दिसत नाही. उजेड दिसल्याशिवाय दुसरं काडतूस घालायचं नाही. एवढी एकच शिस्त त्या माणसाला होती. बाकी शिस्तीचं मी काही लिहून ठेवत नाही, ते माझ्या आधी जाऊन बसले आहेत, समोरासमोर बोलेन.

मालकांना अर्धांगवायू झाला आणि घरचा दसरा बद्रीनाथच्या हातात गेला. त्यानं डबा कणगीतून काढून देव्हाऱ्याखाली, कलशाच्या शेजारी बसवला. शस्त्राची पूजा करायची, मग दारूची का नको? दर दसऱ्याला झाकण उघडायचं, फुलानं पाणी शिंपडायचं, हळदीकुंकू वाहायचं. मालक खाटेवरून एका हातानं खुणा करायचे. बद्रीनाथ म्हणायचा, "बघा, आबा आशीर्वाद देताहेत." कोणी काही बोललं तर त्याचं ठरलेलं उत्तर होतं: "तूप जुनं तेवढं औषधी, दारू जुनी तेवढी कडक."

मालक गेले त्या साली दसऱ्याला त्यानं स्वतः काडतुसं भरली आणि शिवेवर बार काढायला बंदूक सोमनाथच्या हातात दिली. स्वतः फेटा बांधून बाजूला उभा. मी ओवाळणीचं ताट घेऊन तिथंच होते. पहिला बार फुस्स झाला. नळीतून ओल्या चुलीसारखा धूर आला. पोरं हसली. सोमनाथनं बंदूक मोडली, काडतूस काढलं आणि आबांसारखी नळी आभाळाकडं न्यायला लागला. तेवढ्यात बद्रीनाथ म्हणाला, "बायकांनी सुईत दोरा ओवावा तसं काय बघतो? लोकं हसायलेत. घाल दुसरं." आणि काडतूस त्यानंच पुढं केलं.

नळी फाटली. सोमनाथच्या डाव्या हाताची तीन बोटं आणि अंगठा गेला, डावा डोळा गेला. माझ्या ताटातला दिवा तसाच जळत होता. त्याचा मला अजून राग येतो.

दवाखान्यात बद्रीनाथ त्याच्या पायाशी बसला. "सोम्या, शिवराज पाळण्यात हाय माझा. मी आत गेलो तर लेकरानं कुणाकडं बघायचं? तूच भरलं म्हण. शेताचं मी बघतो." सोमनाथनं तसं सांगितलं. मी पोलिसांना खरं काय ते सांगितलं. साहेब म्हणाले, "आई, जखमी माणूस स्वतः सांगतोय, तुमचं कसं लिहू?" उजव्या हाताचा अंगठा घेऊन जबाब पुरा झाला, कारण सही करण्याइतकी त्याला शुद्ध नव्हती आणि डाव्याला अंगठा नव्हता.

बद्रीनाथनं आपला शब्द मात्र पाळला. शेताचं मी बघतो म्हणाला होता. तेव्हापासून शेत तोच बघतो. सोमनाथला ते बांधावरून बघायला मिळतं. आणि गावात सांगतो काय, तर "आमच्या सोम्याला आधीपासूनच हाताचा भरवसा नव्हता." वकीलबाई म्हणतात, हे मृत्युपत्रात लिहायची गरज नाही. मी म्हणते, मग मृत्युपत्राचीच गरज नाही. लिहा.

कलम दुसरं. चितेगाव शिवारातली विहिरीकडची जमीन मला माझ्या वडिलांनी बक्षीसपत्रानं दिली आहे. सातबारा माझ्या एकटीच्या नावावर आहे. ही जमीन, विहिरीतल्या पाण्याच्या हक्कासह, सोमनाथला. त्याच्यामागं त्याची बायको मंजुषा आणि मुलगी संस्कृती यांना. आजूबाजूला कंपन्या आल्यापासून बद्रीनाथला या जमिनीवर फार माया आहे. माया त्यानं ठेवावी, जमीन सोडावी.

कलम तिसरं. माझ्या सोन्याच्या पुतळ्या मंजुषाला. तिनं एका हाताच्या नवऱ्याला पिठाची गिरणी चालवायला शिकवलं, आणि दळणाच्या पिठानं पांढरी झाली तरी मला कधी काळं तोंड दाखवलं नाही. थोरल्या सुनेला माझी पैठणी. ती तिनं मागच्या लग्नात नेसायला नेली आहे, परत आणायचा त्रास वाचेल. माझी कवळी कोणाला नको असेल, तर माझ्याबरोबरच जाऊ द्या; वर बोलायचं बरंच आहे.

कलम चौथं. माझा पाटा-वरवंट्याचा जोड शिवराजला. हसू नकोस रे. तुझ्या आज्याच्या घरात एवढ्याच एका वस्तूनं कधी कोणाला इजा केली नाही. तू पाळण्यात होतास, तुझ्या नावानं तुझ्या चुलत्यानं खोटं सांगितलं, हे तुला कोणी सांगितलं नसेल. आता सांगितलं. तुझा बाप आज तुला बंदूक देईल, तेव्हा दोन्ही हात मागं बांध आणि म्हण, आजी नको म्हणाली. तो म्हणेल, लोकं हसायलेत. हसू दे. हसण्यानं बोट तुटत नाही.

कलम पाचवं. चितेगावचं तीन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे. ते बद्रीनाथला द्यायला मी तयार आहे, पण एका अटीवर. हे वाचून होताच, मी अंगणात असतानाच, त्यानं भावकीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं म्हणावं: "काडतुसं मी भरली होती. नळी बघू न देता दुसरं घालायला मीच लावलं. सोमनाथनं मला वाचवलं." एवढंच. रडायची गरज नाही, निवडणुकीत कामाला येईल म्हणून तो रडेलही. तो बोलला नाही, तर घर संस्कृतीला. सोमनाथनं मध्ये पडून "जाऊ दे आई, आता कशाला" म्हणू नये. तुझं "जाऊ दे" ऐकून ऐकून माझे केस गेले.

कलम सहावं. देव्हाऱ्याखालचा डबा बद्रीनाथला, बिनशर्त.

बद्रीनाथ, आता उघड. सगळ्यांसमोर उघड.

त्यात दारू नाही. सोमनाथला दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात मी ती घमेल्यात पाण्यात कालवली आणि बांधाच्या कडेला ओतली. पुढच्या पावसाळ्यात तिथं गवत लई माजलं, तुझीच म्हैस खाऊन गेली. डबा रिकामा दिसला असता, तर तू दुसरा भरून आणला असतास. म्हणून त्यात कांद्याचं बी भरलं. काळंच, बारीकच. त्या दसऱ्यानंतर बार काढायचं तू बंद केलंस, नुसती पूजा ठेवलीस, म्हणून उघडं पडलं नाही. इतकी वर्षं तू दसऱ्याला त्याच्यावर पाणी शिंपडलंस, कुंकू वाहिलंस, डोकं टेकवलंस, आणि मी मागं उभी राहून घंटी वाजवली. शेतकऱ्याच्या पोटचा असून तुला वासानंसुद्धा कळलं नाही.

आणि पेरायला नेऊ नकोस. कांद्याचं बी वर्षभराच्या वर टिकत नाही. तेही कधीच मेलं.

माझ्या मयताला बार निघणार नाही. त्या शांततेत तुझा आवाज मागच्या माणसापर्यंत नीट जाईल. बोल.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं. मधे दोन ठिकाणी वकीलबाई थांबल्या, मी त्यांना पाणी दिलं. सगळं माझ्या बोलण्याप्रमाणे आहे. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. लिहिता येत नाही म्हणून खाली डाव्या हाताचा अंगठा उठवते आहे. तो मला आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: श्रीमती साळूबाई पुंडलिक ठोंबरे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर अंगठा उठवला व ज्यांना या मिळकतीत काहीही मिळणार नाही (फकिरा म्हणतात, पाटा तरी चालला असता):
१. डॉ. मनस्विनी अनंतराव देशपांडे, सही
२. फकिरा सांडू वाघ, निवृत्त एसटी चालक, शेजारी, सही

लिहून घेणार: ॲड. प्रमोदिनी कुलकर्णी, सही

ठिकाण: पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ८ जानेवारी २०२५